भातातल्या काड्या

चॉपस्टिक्स काही केल्या बोटांत ठरेनात, तेव्हा मंदाकिनीबाईंनी त्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचल्या. समोर बसलेल्या चिनी विहीणबाई दचकल्या. त्यांनी लगबगीनं उठून काड्या काढल्या नि आडव्या ठेवल्या.

“आई, अशा उभ्या नाही खोचायच्या,” मुलगा हळूच म्हणाला. “त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं भात ठेवतात, त्यातच फक्त तशा खोचतात.”

बाई ओशाळल्या. सुनेच्या माहेरी यायचं म्हणून त्यांच्या नवऱ्यानं वर्षभर दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायचा सराव केला होता. “मला जमलं. तिथे हसं तुझंच होणार,” असं चिडवायचे. तिकिटं हातात आली आणि तेच गेले.

शेजारची खुर्ची रिकामीच होती.

“विहीणबाईंना विचार,” त्या मुलाला म्हणाल्या, “अजून एक वाडगा भात मिळेल का? आणि मूठभर शेंगदाणे.”