हललेला फोटो

सोलापूरचे फोटोग्राफर सिद्धलिंगप्पा गिऱ्हाइकांवर सारखे खेकसायचे, "हलू नका! मधेच श्वास कसले घेताय?" फोटो हलला की दोष नेहमी गिऱ्हाइकाचा. त्यांच्या मनासारखं गिऱ्हाईक एकच: लिंगायतांच्या रीतीप्रमाणे माती देण्याआधी हार घालून बसवलेला मेलेला माणूस. "बघा, कसा शहाण्यासारखा बसलाय," असं ते रडणाऱ्या घरच्यांच्या तोंडावर म्हणायचे.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांच्याच छातीत कळा यायला लागल्या. मुंबईच्या इस्पितळात शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन, त्यांना हृदयाचा फोटो काढणाऱ्या नव्या कॅमेऱ्याखाली झोपवलं. फोटो दोनदा पुसट आला.

"तुम्ही जोरजोरात श्वास घेताय, त्याबरोबर हृदय खालीवर होतंय," डॉक्टर म्हणाले. "हलू नका."

"मग काय श्वास घ्यायचं सोडून देऊ?" सिद्धलिंगप्पा भडकले, तिथून उठले आणि त्यांनी तडक सोलापूरची गाडी धरली.

महिन्याभरात समोरच्या स्टुडिओवाल्याला त्यांच्या घरून बोलावणं आलं. हार घालून बसवलेल्या सिद्धलिंगप्पांचा फोटो काढून त्यानं काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या बायकोला, ईरम्माला, सांगितलं,



"वैनी, आज अप्पा जराबी हलले न्हाईत बघा!"