निश्चिंत बसावे

यकृत छापणाऱ्या प्रिंटरवर पूर्वी ‘पेशी जगल्या नाहीत’ असं सरळ उमटायचं आणि नातेवाईक काचा फोडायचे. म्हणून रुग्णालयाने सांगितल्यावर वैजयंतीनेच स्क्रिप्ट लिहून सगळ्या यंत्रांवर त्याऐवजी ‘काम सुरू आहे, निश्चिंत बसावे’ हे वाक्य बसवलं होतं.

आज आत तिच्या भावाचं यकृत छापलं जात होतं. बाहेरच्या पडद्यावरचे टक्के एकसष्टावर थांबले आणि ते वाक्य उमटलं. वैजयंतीला हुंदका आवरेना.

“अगं बाई, रडतेस कशाला?” शेजारच्या आजींनी डब्यातला लाडू पुढे केला. “सुरू आहे म्हणतंय ना? माझ्या नातवाच्या यंत्रावर तर सकाळपासून हेच लिहिलंय.”

वैजयंतीने लाडू घेतला.