दोन लिटरचं इंजिन

शैला गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, त्याच दिवशी दौलत मिस्त्रींनी तिच्या जुन्या लाल स्पोर्ट्स कारचं इंजिन खाली उतरवलं होतं. तेव्हापासून तिचे पती मुकुंदराव गॅरेजकडे फिरकले नव्हते. आज लेकीनं, ऋतानं त्यांना ओढूनच आणलं.

"जुन्याचेच सिलिंडर बोअर करून, रुंद करून मोठे पिस्टन घालू, नाहीतर हे दोन लिटरचं मोठं इंजिन बसवू," मिस्त्री म्हणाले. "पण आत्ता सांगा की. याला संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

"दोन लिटरचंच," ऋता म्हणाली. घाटातल्या ज्या शर्यतीत आई दरवर्षी उतरायची, तिथं यंदा तिला उतरायचं होतं.

त्या शर्यतीत मुकुंदराव शैलाच्या शेजारी बसून पुढची वळणं सांगायचे. त्यांनी नव्या इंजिनावर हात ठेवला. "हे जड आहे. नाक जड झालं की गाडी वळत नाही, सरळ दरीकडे जाते. जुनंच ठेवा."

"जुन्यावर मी शेवटची येईन, बाबा."

"पण येशील."

मिस्त्रींनी उगाचच पाना पुसायला घेतला. ऋता बापाकडे वळली.

"ठीक आहे, जुनं. पण वळणं तुम्ही सांगायची. दुसरं कुणी मला नकोय."

चालकाशेजारच्या त्या सीटवर पुन्हा बसायचं नाही, हे मुकुंदरावांनी मनाशी पक्कं केलेलं होतं.

"पिस्टन मागवा, मिस्त्री," ते अखेर म्हणाले. "मी बसतो."

ऋता लगेच गाडीत शिरली. सीट अजून ठेंगण्या शैलाच्या मापालाच होती. उंच लेकीचे गुडघे स्टिअरिंगला टेकले. बापलेकीनं ते पाहिलं. सीट मागे सरकवायला मात्र दोघांपैकी कुणीच हात घातला नाही.