पटकीच्या पुढे एक दिवस

थांबण्यात आबाजीचा फायदा काहीच नव्हता. थांबला तर नामाची उलटी पुसायची, नामाचं धोतर धुवायचं आणि दोन दिवसांनी नामाशेजारी आडवं व्हायचं. निघाला तर जीव वाचला. हा हिशेब करायला त्याला विडी पेटवण्याइतकाही वेळ लागला नाही.

शेहेचाळीस सालचा वैशाख. दोघे नेरळला लाकडाच्या वखारीत कामाला, बिऱ्हाड एकाच खोलीत. पहाटे नामाला पटकी लागली आणि दिवस वर येईपर्यंत त्याचे डोळे खोबणीत गेले.

"आबा, पानी दे रं."

आबाजीने दिलं. कुणाच्या भांड्याला तोंड न लावणारा हा माणूस, पण माणुसकी म्हणून स्वतःच्या पितळी तांब्याने दिलं. मग शेजारच्या जनाबाईला सांगितलं, "डाक्टरला आनतो." तांब्या घाईघाईत विसळला, दोरीसकट पिशवीत टाकला आणि नामाची सायकल काढली.

दवाखाना डावीकडे होता. सायकल उजवीकडे वळली.

कुठे जायचं ते पेठेबाहेर पडल्यावर ठरलं. खालापूरला, थोरल्या बहिणीकडे. सरळ रस्त्यावर टोचणीवाले बसलेत असं कानावर आलं होतं. ते सुई मारतात, नाव लिहितात, कुठून आलास ते विचारतात. आबाजीला तिन्ही गोष्टी नको होत्या. त्याने पोशीरचा आडरस्ता धरला.

रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. प्रत्येक चढाला पोटात काहीतरी हलायचं. आबाजी उतरून पोट दाबून बघायचा. कळ आहे? नाही. मग पुन्हा टांग मारायची, पुढच्या चढाला पुन्हा उतरायचं. एका आंब्याखाली एक माणूस तोंड उघडं टाकून पडलेला दिसला. आबाजीने श्वास कोंडून सायकल अशी हाणली की चेनच उतरली. तो चेन चढवतो आहे तोवर प्रेत उठून बसलं.

"पावनं, तंबाकू हाय का?"

पोशीरला विहिरीवर मोतीबाई नावाची म्हातारी पाणी शेंदत होती.

"गावात रोगराई काय?" आबाजीने लांबूनच विचारलं.

"रोगाला बी खायाला लागतं, बाबा. त्यो हितं येऊन काय खानार?" तिने कळशी पुढे केली. "घे, पी."

"नको. मी दुसऱ्याचं भांडं घेत नाय." त्याने पिशवीतून तांब्या काढून विहिरीत सोडला.

"का रं, माझ्या कळशीला दात हायेत?"

आबाजी हसला नाही. पोटभर प्यायला, मानेवर ओंजळभर मारलं आणि निघाला.

कडावला ऊन डोक्यावर आलं. गोमा नावाचा शेतकरी बैल सावलीला बांधून बसला होता. गावात आजारी कुणी नाही, असं त्याने सांगितलं आणि ताकाचा गडवा पुढे केला.

"ताक बंद. दूध बंद. बाहेरचं समदं बंद."

"कोन्या डाक्टरनं सांगितलं?"

"मीच ठरवलंय."

"मग फी बी सोतालाच देत असशील!"

आबाजीने गोमाच्या विहिरीत आपला तांब्या सोडला. गोमाला त्याची कीव आली. आबाजीचं पिऊन झाल्यावर गोमाने सायकल धरून रस्त्याला लावून दिली.

कर्जतच्या बाजारात शिपाई दिसला. आबाजीने मान खाली घातली आणि पाय जमिनीला न लावता गाव मागे टाकलं.

दिवस मावळायला खालापूर आलं. येसूबाई विधवा, एकटी राहणारी. दारात भाऊ बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"काय रं, अचानक?"

"तुझी आठवन झाली, आक्का."

"सात वर्सांनी? लवकर झाली!"

आबाजीने घराचा ताबा घेतला. पाण्याच्या माठावर झाकण घातलं, शेजारणीला ओट्यावर येऊ दिलं नाही. माठात हात बुडवायचा नाही, त्याच्या तांब्यानेच पाणी काढायचं, असा हुकूम सोडला.

"मी हाय तवर तुला काय होऊ देत नाय."

"आपली आय बी इतकं सोवळं पाळत नव्हती गं बाई," येसूबाई म्हणाली, पण तिने ऐकलं.

पहिले दोन दिवस तो तासातासाला जीभ बघायला आरसा मागायचा. तिसऱ्या दिवशी मागितला नाही. चौथ्या दिवशी येसूबाईला जेवण नको होतं, तेव्हा तिच्या वाटची भाकरीही त्याने खाल्ली. भीती उतरली होती.

तेराव्या दिवशी नामा आला. काठी टेकत, अर्धा झालेला, पण जिवंत. आबाजी ओट्यावरून उठला तो भिंतीलाच टेकला.

"भूत नाय रं मी. जनाबाईनं डाक्टर आनला. सायकल न्यायला आलोय."

"मी डाक्टरच शोधत व्हतो, नामा."

"खालापूरपत्तुर?" नामा खाली बसला. "विचारत विचारत आलो. तांब्यावाला सायकलवाला म्हटलं की लोकांना आठवतोस तू. जे राह्यलेत त्यांना."

"म्हंजे?"

"पोशीरला तुझ्यामागं तिसऱ्या दिवशी पटकी लागली. मोतीबाई पयली. तिला धरून सात गेले. कडावला बी तिसऱ्याच दिवशी. गोमाच्या घरचे चार. दोनी विहिरी बंद केल्यात."

"बघ!" आबाजीने हात जोडले. "माझ्या पाठीलाच लागली व्हती. एक दिवस जरी थांबलो असतो तर?"

"कर्जतला मातर काय नाय. एक मानूस आजारी नाय."

"कर्जतला मी उतरलोच नव्हतो," आबाजी म्हणाला, आणि त्याची नजर आत माठावरच्या तांब्यावर गेली.

नामाने दारातून आत वाकून बघितलं. "आक्का कुठं हाय?"

पोशीर सात. कडाव चार. कर्जत एकही नाही. खालापूर एक, तिचा उद्या दहावा. आबाजीचं पोट ठणठणीत होतं.