चेअरमन खालीच राहिले

नीलम्मानं फोनवर अंगठा ठेवला आणि चेअरमन हिंमतराव खालीच राहिले.

अणदूरच्या शेळीपालक मंडळाच्या वेबसाइटचं उद्घाटन चाललं होतं. नारळ फुटला होता, लॅपटॉपला हळदकुंकू लागलं होतं. पान उघडण्याचा पहिला मान सगळ्यात जुन्या सभासद म्हणून नीलम्माचा. तिच्या हातातल्या फोनवर जे दिसेल तेच भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दिसत होतं. पान उघडलं की आपोआप खाली सरकत जाई. आधी शेळ्या, मग बोकड आणि सगळ्यात शेवटी, फेटा बांधून हात जोडलेले हिंमतराव. ही सूचना हिंमतरावांचीच. आज ते तोच फेटा बांधून आले होते, म्हणजे लोकांना ताडून बघायला सोपं.

पण मध्येच नीलम्माची स्वतःची काळी शेळी आली. बाईनं अंगठ्यानं पान जरासं मागं ओढलं. पान थांबलं ते थांबलंच.

"मावशी, पुढं जाऊ द्या की," हिंमतराव म्हणाले.

"जावा की तुमी. तुमास्नी कोण धरलंय?" नीलम्मा फोनवरनं नजर न काढता म्हणाली. "कान बघा गं बायांनो, कसे लोंबल्यात."

बायका पुढं सरकल्या. हिंमतराव प्रतीक्षाकडं वळले. वेबसाइट तिनं केली होती; शिक्षण संपल्यावरचं तिचं हे पहिलंच काम.

"पोरी, बिघडलं का काय?"

"न्हाय काका. माणसानं हात लावला की आपोआप सरकणं बंद. पुढं पान त्याच्या बोटानं चालतंय. मुद्दाम केलंय तसं."

"मग ते काढ. कुणी किती बी बोटं लावू दे, पान माझ्यापतूर आलंच पायजे. तुला जमत नसंल तर दुसरा कुणीतरी बघू."

दाराजवळ महांतप्पा उभा होता. तो प्रतीक्षाचा बाप आणि हिंमतरावांच्या जीपचा ड्रायव्हर. मालक म्हणतील तिकडं गाडी वळवायची, म्हणतील तिथं ब्रेक मारायचा, यात त्याची उमर गेली होती. त्यानं पोरीला डोळ्यांनी खुणावलं, 'व्हय म्हण.' पोरीनं ती खूण नीट बघितली.

"न्हाय काढणार, काका," ती म्हणाली.

कुणाचा तरी फोन वाजला आणि त्यानं तो न उचलता बंद केला. अणदुरात असं सहसा घडत नाही.

"काका, तुमी बाजारात शेळ्या विकल्यात. गिऱ्हाईक शेळीचं तोंड उघडून दात बघत असलं, तर तुमी दावं ओढता का?"

हिंमतराव चेअरमन अलीकडचे. मूळचे ते शेळ्यांचे व्यापारी. बाकी कशातही त्यांनी थोडंफार इकडचं तिकडं केलं असेल, पण शेळीच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नसे.

"कोण येडं ओढंल?" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "दावं ओढलं की गिऱ्हाईकाला वाटतं, शेळीत खोट हाय. ती शेळी दिवसभर तिथंच!"

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचं ऐकू आलं. त्यांनी टीव्हीकडं बघितलं. टीव्हीतली शेळी त्यांच्याकडं बघत होती.

"ऱ्हाऊ दे मग तसंच," ते म्हणाले. "मावशी, बघा निवांत."

महांतप्पानं सदऱ्याची वरची गुंडी सोडली. छातीला जागा कमी पडत होती.

मग फोन हातोहात फिरला. जो तो आपापल्या जनावरापाशी थांबे. हिंमतराव खुर्चीवरून अधूनमधून विचारत, "आलो का मी?"

"अजून बोकडंच चालल्यात," लोक सांगत.

सभा उठली, माणसं चहाला पांगली, तेव्हा कुठं प्रतीक्षानं पान नव्यानं उघडून फोन महांतप्पाच्या हाती दिला. त्यानं बोट लावलंच नाही. पान आपसूक खाली आलं आणि हिंमतरावांपाशी थांबलं. महांतप्पानं सवयीनं त्यांना नमस्कार केला आणि मग अंगठ्यानं पान आणखी थोडं खाली ढकललं. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती : 'पान बनवणारी – प्रतीक्षा महांतप्पा कोरे.'

"महांतप्पा, गाडी काढ!" बाहेरून हाक आली.

ही हाक आली की महांतप्पाचे पाय त्याला न विचारता पळत. आजही एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. पण अंगठा त्या ओळीवर होता आणि तो काही निघेना.

हाक पुन्हा आली. मग जीपचं दार उघडल्याचा, लागल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. बाहेर लिंबाखाली, जीपच्या पुढच्या सीटवर, फेटा मांडीवर घेऊन चेअरमन वाट बघत बसले होते.