लहानसा सायंटिस्ट

“सापडला का गं त्या पोरीचा बाप?” दारात चपला काढता काढता बाबांनी विचारलं.

करुणानं वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर केली. टीव्हीवर तेच जुनं जपानी कार्टून पुन्हा लागलं होतं. उडत्या बेटांवरून फिरणारी, हिंदीत बोलणारी मुलगी. तिचा शास्त्रज्ञ बाप स्वतःच्याच यंत्रातून दुसऱ्या जगात निघून गेलेला. ती ज्या बेटावर पोचायची तिथले लोक सांगायचे, कालपर्यंत इथंच होते.

“नाही सापडला अजून.”

“नऊ वर्षं झाली की. लईच कामात दिसतो.” बाबा हसले आणि बाजाराची पिशवी तशीच ठेवून भिंतीला टेकले. हल्ली एवढं चालूनही त्यांना दम लागत होता.

तेवढ्यात गल्लीतले पुंजाजी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली हळदीची पानं. “साहेब, करपाच हाये का बघा बरं. काय फवारावं ते सांगा.”

“उद्या परभणीला नेतो. तपासल्याबिगर कसं सांगू?”

“बघा वयनी,” पुंजाजी आईला म्हणाले, “आमचा दुकानदार नुसतं पान बघून औषधाचा डबा हातात देतो. सायंटिस्ट माणसाचं काम बराबर असतंय.”

आईनं बाजाराची पिशवी उचलून आत नेली. परभणीत माती तपासायच्या एका प्रयोगशाळेत बाबा नोकरीला आहेत, आठवडाभर तिकडंच राहतात, हे वसमतच्या त्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ते तिथं बाटल्या धुतात, हे घरातल्या तिघांनाच.

करुणा सहावीत होती तेव्हा निर्मलाबाईंनी भर वर्गात विचारलं होतं, तुझे वडील पालकसभेला कधीच कसे येत नाहीत? करुणा उभी राहिली आणि म्हणाली, “ते सायंटिस्ट आहेत.” कोणी हसलं नाही. ते कार्टून सगळीच पोरं पाहत होती. सायंटिस्ट घरी नसतो, हे त्यांना मान्य होतं.

पुढच्या पालकसभेला बाबा रजा काढून आले. बाईंनी स्वतः खुर्ची पुढे केली. “तुम्ही सायंटिस्ट आहात म्हणे!”

बाबांनी एकदा करुणाकडं पाहिलं.

“व्हय बाई,” ते म्हणाले. “लहानसा हाये.”

घरी आल्यावर आईला हसू आवरेना. “कार्टून बघून बघून पोरगी येडी झाली!” बाबांनी मात्र शांतपणे विचारलं, “सायंटिस्टला काय काय करावं लागतं गं?” त्या आठवड्यापासून त्यांचे कामावरचे खाकी कपडे रविवारी धुवायला घरी आले नाहीत. मग लोक यायला लागले. मातीच्या पुड्या, कीड लागलेल्या शेंगा, वाळलेल्या फांद्या. सोमवारी बाबा ते सगळं पिशवीत भरून न्यायचे. तिथल्या साहेबांच्या मागं मागं फिरायचे, आणि शनिवारी प्रत्येकाचं उत्तर चिठ्ठीवर लिहून आणायचे. आपल्या मनानं त्यांनी कधी कोणाला औषध सांगितलं नाही.

त्या रविवारी पुंजाजी गेले तरी बाबा डोळे मिटून बसूनच होते. मांडीवर हळदीची पानं. बाबा, पुरे आता, सांगून टाकू लोकांना, असं करुणाच्या अगदी ओठावर आलं होतं. ती आता स्वतः शाळेत शिकवत होती, आणि वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. तिनं पुन्हा वह्यांत मान घातली.

सोमवारी सकाळी बाबा बसस्थानकावर परभणीच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले. गाडी लागली. ते उठले नाहीत.

सातव्या दिवशी बाबांच्या पुण्यानुमोदनाला विहारासमोर मांडव घातला होता. ‘कालकथित भिवाजी खिल्लारे, शास्त्रज्ञ’ असा मोठा फलक गल्लीतल्या किसनरावांनी नांदेडहून छापून आणला होता. माईकही त्यांच्याच हातात होता. वंदना झाली, पंचशील झालं, भाषणं सुरू झाली. एक जण म्हणाला, भिवाजींना परदेशातून बोलावणं आलं होतं, पण त्यांनी आपली माती सोडली नाही. करुणा सतरंजीवर बसून ऐकत होती. सात दिवस तिला झोप नव्हती. नाही म्हणायला लागते तेवढीही ताकद उरली नव्हती.

मग परभणीहून प्रयोगशाळेचे साहेब आले. फलकापाशी थबकले. पुन्हा वाचला.

“आता त्यांचे सोबती शास्त्रज्ञ दोन शब्द बोलतील,” किसनरावांनी जाहीर केलं.

साहेब आधी करुणाजवळ येऊन वाकले. “ताई, मला यातलं काही माहीत नव्हतं,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही म्हणाल तसं बोलतो. काय सांगू?”

आईनं तिचं मनगट धरलं. “राहू दे बाई. कार्टून बघून बोलली होतीस तू. लेकराचं बोलणं. आता काहून उकरायचं?”

साहेब वाट पाहत होते. नुसती मान हलवली असती तरी ते फलकावरचंच बोलले असते. करुणानं मनगट सोडवून घेतलं, उठली आणि किसनरावांच्या हातातून माईक घेतला.

“माझे बाबा शास्त्रज्ञ नव्हते.”

मांडवात कुजबुज झाली. पुंजाजी उठून उभे राहिले.

“ते बाटल्या धूत होते. आईला वाटतं, मी कार्टून बघून बोलले. तसं नाही. सहावीच्या दिवाळीच्या सुटीत मी मामासोबत परभणीला गेले होते. मामा फाटकाशी थांबला, मी आत गेले. बाबा हौदापाशी उकिडवे बसले होते. त्यांनी मला हाक मारली. शेजारी साहेबांची मुलगी उभी होती. मी ओळख दाखवली नाही, मागं फिरले.” ती थांबली. आई तिच्याकडं पाहत होती. “मला त्यांची लाज वाटली, म्हणून पुढं वर्गात सायंटिस्ट म्हणाले. ते त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी नऊ वर्षं मला खोटं पडू दिलं नाही.”