तिसरी पाहुणी

"काका, वर तुम्ही दोघं नवरा-बायकोच ना?" वर तिसरं कुणीतरी आहे अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलंच. लातुरातली आमची वरची खोली आम्ही दिवसाच्या भाड्यानं देतो.

"हाव, दोघंच," म्हणत पाहुण्यानं खोलीला कुलूप घातलं आणि तो बायकोसंगं बाजारात गेला.

तरी न्हाणीच्या पाइपातून पिवळं पाणी गळतच होतं. मी जिना चढले. खिडकीत माझ्याएवढीच पोरगी, हात घासून लाल झालेले.

"हळद निघंना, ताई. उद्या हे दोघं लगीन लावून राहिले माझं. नववीत हाय मी."

खाली येऊन सांगितलं, तशी आई दटावत म्हणाली, "गप राहा! आधार कार्ड दोघांचंच घेतलंय. आपणच अडकू."

मी वडिलांकडं वळले. "अप्पा, तिची नोंदच न्हाई, म्हणजे ती त्यांच्यासंगं आलीच न्हाई. ती माझी पाहुणी. पोलिसांना फोन लावलाय मी. खोलीची दुसरी चावी द्या."